आत्याचा टाळ आणि माझं डिकोडिंग

गिरगावातल्या आत्याच्या भजनी मंडळाच्या चौदा कॅसेट एका दुकानातून एमपीथ्री करून आणल्या होत्या. प्रत्येक फाइल पाऊण तासाची. अभंग, खोकला, "चहा ठेवलाय का गं", पुन्हा अभंग. आत्याला एकेक अभंग सुटा हवा होता. हाताने कापायचा कंटाळा, म्हणून प्रोग्रॅमच लिहायला घेतला: मधली शांतता हुडकायची आणि तिथे कापायचं.

ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत एनऑडिओ ही आवाजाच्या फाइलींसाठीची तयार लायब्ररी वापरून अर्ध्या तासात चालू झालं. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथे मात्र तोच कोड आपटला. मी वापरलेला एनऑडिओचा रीडर एमपीथ्रीत दाबून भरलेला आवाज स्वतः उलगडत नाही (उलगडणं म्हणजेच डिकोडिंग), विंडोजमधल्या कोडेककडून, म्हणजे त्या कामाच्या सॉफ्टवेअरकडून, उलगडून घेतो, हे मला तेव्हा कळलं. मग एनलेयर ही दुसरी लायब्ररी घेतली. तिचा सगळा डिकोडर सी शार्पमध्येच लिहिलेला, त्यामुळे जिथे डॉटनेट (सी शार्प चालवणारी यंत्रणा) तिथे ती. फाइल उघडायची, फ्लोटचा, म्हणजे दशांश आकड्यांचा, ॲरे (रांग) द्यायचा, तो भरून मिळतो. त्या ॲरेत डावा-उजवा चॅनल आलटून पालटून असतो, हे विसरून मी मोनोची, म्हणजे एकाच चॅनलची, वेव्ह फाइल लिहिली. अभंग दुप्पट लांबला आणि आत्या भीमसेनी आवाजात गायला लागली.

खरा छळ कापण्याचा. आधी आळस करून मूळ एमपीथ्रीच बाइट मोजून कापली. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी टक्क. एमपीथ्री फ्रेम नावाच्या छोट्या तुकड्यांची बनते. एका फ्रेममध्ये आवाजाचे ११५२ नमुने, म्हणजे ४४,१०० हर्ट्झला (सेकंदाला तितके नमुने) साधारण २६ मिलिसेकंद. पण फ्रेम स्वतःपुरती नसते, तिचा माल ५११ बाइटपर्यंत मागे, आधीच्या फ्रेममध्ये भरलेला असू शकतो. मधूनच कापलं की पहिलीचा हिशेब लागत नाही. शेवटी सगळी फाइल सुरुवातीपासून उलगडून मगच तुकडे केले. कॅसेटची शांतता म्हणजे सतत सूं सूं, तेव्हा शून्य शोधून काही हाती लागत नाही. थोडा थोडा आवाज सरासरीने मोजून उंबरठा ठरवावा लागला. तो अजून अंदाजानेच आहे.

आणि टाळ! टाळ जोरात वाजला की कर्र. दोन रात्री कॅसेटला दोष दिला. उलगडलेले आकडे एरवी उणे एक ते एकमध्ये असतात, पण एकच्या थोडे वर जाऊ शकतात. मी ते ३२,७६७ ने गुणून सरळ शॉर्टमध्ये, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच मावणाऱ्या पूर्णांकात, कोंबत होतो. वरचं टोक ओलांडलं की आकडा उलटून ऋणात. आधी एक आणि उणे एकमध्ये बांधून घेतलं, कर्र बंद.

रविवारी पेनड्राइव्ह घेऊन आत्याकडे गेलो. तिसऱ्या अभंगालाच तिने थांबवायला सांगितलं.

"अरे, टाळ मीच चुकत होते की! इतकी वर्षं शेजारणीला बोलत आले."