हाकाता रामेन: नूडल्स किती कडक मागायच्या आणि काएदामा कधी

जपानमधल्या फुकुओका शहरात हाकाता स्टेशनच्या आसपास दुपारी साडेबारा वाजता रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सच्या, कुठल्याही दुकानात डोकावून बघा. कुणी रेंगाळत नाही, कुणी गप्पा मारत नाही. माणूस बसतो, भुरके मारतो, दहा मिनिटांच्या आत उठतो. बाहेर रांग असते हे खरं, पण घाईचं मुख्य कारण वाडग्यातच आहे.

हाकाताच्या नूडल्सच्या पिठात पाणी फार कमी घालतात. 100 ग्रॅम मैद्याला साधारण 26 ते 30 ग्रॅम. तोक्यो किंवा साप्पोरोच्या पिवळसर, लवचीक नूडल्समध्ये हे प्रमाण 35च्या पुढे जातं. शिवाय हाकाताच्या नूडल्स सरळ आणि बारीक असतात, जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर. इतकी कोरडी, इतकी बारीक नूडल गरम रश्श्यात पडली की रस्सा पीत सुटते. चव छान धरते, पण पाच मिनिटांत मऊ होते आणि आठव्या मिनिटाला गिच्च गोळा. म्हणूनच एका वेळी वाढतात त्या थोड्याच, कच्च्या वजनाने 100 ते 120 ग्रॅम, आणि भूक उरली तर त्याच रश्श्यात दुसरा हप्ता घ्यायचा. या जादा हप्त्याला काएदामा म्हणतात. ही पद्धत फुकुओकातल्याच नागाहामा भागातली. 1955 साली शहराचा मासळीबाजार तिकडे हलला. लिलावाच्या धामधुमीत तिथल्या लोकांना खायला फुरसत नसायची. त्यांना झटपट शिजणारं काहीतरी लागायचं, म्हणून बारीक नूडल्स, आणि भूक उरली तर पुन्हा.

आता मुख्य मुद्दा. वाडगा येण्याआधी तुम्हाला विचारतील, नूडल्स कशा? उत्तर तयार ठेवा. 'फुत्सू' म्हणजे नेहमीच्या, उकळत्या पाण्यात पाऊण मिनिट ते एक मिनिट. 'काता' म्हणजे जरा कडक, अर्धा मिनिट ते पाऊण मिनिट. 'बारीकाता' पंधरा-वीस सेकंद. 'हारीगाने', म्हणजे तार, पाच-दहा सेकंद. 'कोनाओतोशी'मध्ये तर वरचं पीठ झटकायला बुडवून काढल्यासारखं करतात, दोन-तीन सेकंद. उलट बाजूला मऊसाठी 'यावा'. सेकंद दुकानागणिक बदलतात, क्रम बदलत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने 'काता' मागावं. इंटरनेटवर बघून 'हारीगाने' मागणारे बरेच असतात. पण तेवढ्या वेळात आतला स्टार्च शिजतच नाही, दाताला पीठ लागतं आणि नूडल रस्सा धरत नाही. मग रस्सा एकीकडे, नूडल एकीकडे. कडक मागण्यात मर्दुमकी नाही, हिशोब आहे: तुम्ही किती वेगाने खाता? सावकाश खाणाऱ्याने 'काता' किंवा 'बारीकाता' मागावं, म्हणजे शेवटच्या घासापर्यंत नूडल टिकते. पटपट खाणाऱ्याला 'फुत्सू' उत्तम, कारण नूडल्स बनवणाऱ्याने चव त्याच वेळेला धरून बेतलेली असते.

नागाहामाच्या काही जुन्या दुकानांत तेलाबद्दलही सांगता येतं. 'बेता' म्हटलं की वरून चरबी जास्त, 'नाशी' म्हटलं की चरबी नाही. पहिल्या खेपेला त्या फंदात पडू नका.

रस्सा डुकराच्या हाडांचा, त्यालाच तोन्कोत्सु म्हणतात. मांडीची हाडं, मणके, डोकं. हाडं आधी उकळून रक्त आणि मळ काढून टाकतात, मग मोठ्या आचेवर तासन् तास खळखळ उकळतात. मंद आचेवर तोच रस्सा पारदर्शक राहतो. खळखळण्याने चरबीचे बारीक थेंब पाण्यात फुटतात, हाडांतलं जिलेटिन त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही, म्हणून रंग दुधासारखा पांढरा. ओठ एकमेकांना चिकटतात ना, अगदी पायाच्या सुपासारखे, ते या जिलेटिनमुळे. फुकुओकाच्या दक्षिणेला कुरुमे आहे. तिथे 1937 साली एका गाडीवर हाडांचा रस्सा सुरू झाला. 1947 साली तिथल्याच दुसऱ्या दुकानात आच जास्त लागली आणि रस्सा पांढरा झाला, तोच पुढे रूढ झाला, असं सांगतात. दुकानाबाहेर येणारा उग्र वास काहींना दारातूनच परत पाठवतो. वासावरून रस्सा बिघडलाय असं मात्र समजू नका. दाट रश्श्याच्या दुकानात तो यायचाच.

या रश्श्यात मीठ जवळजवळ नसतं. खारटपणा 'काएशी'चा, म्हणजे वाडग्याच्या तळाशी आधी ओतलेल्या सोया सॉसच्या मिश्रणाचा. हे लक्षात ठेवा, काएदामाच्या वेळी कामाला येईल.

दुकानात शिरल्यावर आधी दाराजवळचं तिकिटाचं मशीन. पैसे आधी टाकायचे, मग बटण. वाचता येत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा. दुकानाचं मुख्य रामेन बहुधा तिथेच असतं. बरीच मशीनं फक्त 1000 येनची नोट घेतात, 5000 आणि 10000ची परत फेकतात. त्यात जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या. 1000च्या नोटेवर आता जीवाणूशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो आहेत, आणि जुनी मशीनं त्यांना ओळखत नाहीत. त्यामुळे खिशात 100 येनची नाणी असू द्या. सुटे परत मिळवायला कधी कधी खटका ओढावा लागतो, तो विसरून लोक तसेच जाऊन बसतात. तिकीट काउंटरवर ठेवताना नूडल्स कशा हव्यात ते त्याच क्षणी सांगायचं. न सांगता बसलात तर 'फुत्सू' येणार. पाणी आपलं आपण घ्यायचं, बॅग खुर्चीखालच्या टोपलीत, टिप नाही. एका वाडग्यात दोघांनी खायचं हेही बसत नाही. माणशी एक वाडगा मागवणं धरलेलंच असतं.

वाडगा आला की आधी रस्सा, रेन्गे नावाच्या खोलगट चमच्याने दोन घोट, काहीही न घालता. मग नूडल्स तळापासून एकदा उचला, म्हणजे काएशी वर येते आणि गुंता सुटतो. भुरका मोठ्याने मारायचा. हवेबरोबर वास नाकापर्यंत जातो आणि तोंड भाजत नाही. घरी आमटीचा भुरका मारताना आई ओरडली असेल, इथे कुणी मान वळवूनही बघत नाही. फोटो एकच काढा. तीन काढलेत तर 'काता'चं 'फुत्सू' झालं म्हणून समजा.

काउंटरवरच्या डब्यांना पहिला अर्धा वाडगा होईपर्यंत हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तीळ सगळ्यात निरुपद्रवी, चक्कीतून कधीही फिरवा. लाल आलं, बेनी शोगा, रश्श्यात मिसळलं की रस्सा गुलाबी आणि आंबट होतो. ते नूडल्सवर दोन-चार काड्या ठेवून घासागणिक खायचं. काराशी ताकाना ही मोहरीच्या पाल्याची तिखट लोणच्यासारखी भाजी. ती आधी खाल्लीत तर जिभेला रस्सा कळतच नाही, आणि काही दुकानदारांना ते खपतही नाही. लसूण कच्ची, दाबयंत्रात एक पाकळी. ती शेवटी, काएदामाबरोबर. नंतर मीटिंग असेल तर अजिबात नको.

काएदामा मागायची वेळ चुकते ती दोन प्रकारे. एक, नूडल्स संपल्यावर मागवणं. तोवर रस्सा निवतो. वाडग्यात दोन-तीन घास उरले असतानाच 'काएदामा, काता' असं सांगा आणि तिकीट किंवा पैसे काउंटरवर ठेवा. बऱ्याच दुकानांत 100 ते 200 येन पडतात. दोन, पहिल्याच फेरीत रस्सा पिऊन टाकणं. निदान अर्धा रस्सा राखा, नाहीतर नूडल्स कोरड्या पडतील. नूडल्स बशीत येतात, त्यांच्याबरोबर थोडं पाणीही येतंच. ते रश्श्यात मिसळून चव पुळचट होते. इथे काउंटरवरची काएशीची बाटली लागते: चमचाभर, कडेने, ढवळून, चाखून. आणि एक: रस्सा आता पहिल्याइतका गरम नसल्यामुळे वाडग्यात नूडल फारशी शिजत नाही. पहिल्या वेळी 'बारीकाता' घेतलं असेल तर दुसऱ्या वेळी एक पायरी मऊ मागा.

रस्सा संपवलाच पाहिजे असं नाही. पूर्ण वाडग्यात पाच-सहा ग्रॅम मीठ सहज असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त रश्श्यात. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादाच 5 ग्रॅम आहे. उठताना वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवायचा, समोर फडकं असेल तर जागा पुसायची, 'गोचिसोसामा', म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणायचं.

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा. वरचा मांसाचा तुकडा काढायला सांगून रामेन शाकाहारी होत नाही. रस्सा हाडांचा, वरचं तेल बहुधा डुकराच्या चरबीचं, अंडं बऱ्याचदा मांस शिजवलेल्या सोया सॉसमध्येच मुरवलेलं, आणि सोबत मिळणाऱ्या ग्योझातही, म्हणजे मोमोसारख्या पदार्थातही, डुकराचा खिमा. तोक्यो स्टेशनात 'टीज तानतान' हे पूर्ण वनस्पतीजन्य रामेनचं दुकान आहे, केइयो स्ट्रीटवर, जेआर रेल्वेच्या तिकीट-फाटकाच्या आत. गाडीचं तिकीट नसेल तर प्रवेश-तिकीट काढून आत जावं लागतं. तिथला रस्सा तीळ आणि शेंगदाण्याचा. फुकुओकाच्या सहलीत तोक्यो असेलच तर रामेनची हौस तिथे भागवा. हाकाताच्या तोन्कोत्सु दुकानात सोबत्यांबरोबर नुसतं बसून राहणं टाळा, काउंटरच्या आठ-दहा जागांत न खाणाऱ्या माणसाची अडचणच होते.

फुकुओकातल्या नाकासूच्या नदीकाठच्या गाड्यांवर, म्हणजे याताईवर, रामेन खायचं असेल तर संध्याकाळी लवकर जा, किमतीची पाटी बघूनच बसा, माणशी एक तरी पदार्थ मागवा. गाडीला स्वच्छतागृह नसतं, आणि जोराचा पाऊस किंवा वारा असला की गाड्या लागतच नाहीत.