तुम्ही विचारलंत म्हणून : मोबाइलवर बघून क्वांटम समजते का?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करतो. शिक्षण यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेपर्यंतचे. गेली तीन वर्षे मी ऑनलाइन अभ्यासक्रमांतून क्वांटम भौतिकी, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांचे भौतिकशास्त्र, शिकत आहे हे कळले, की सिडकोतले शेजारी, नात्यातली मंडळी आणि कँटीनमधले सहकारी एकच प्रश्न विचारतात : "घरी बसून, मोबाइलवर बघून, ते खरोखर समजते का हो?" चहा संपेपर्यंत दिलेले उत्तर अर्धवटच राहते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

समजते, पण बघून समजत नाही. पहिले वर्ष मी नुसते बघण्यात घालवले. कंपनीच्या बसमध्ये कानात हेडफोन घालून दीडपट वेगाने व्याख्याने ऐकायची आणि समजल्यासारखी मान डोलवायची, असा तो अभ्यास होता. मग एनपीटेलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या) बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवले आणि पहिल्याच असाइनमेंटमध्ये दहापैकी दोन उत्तरे बरोबर आली, त्यातलेही एक अंदाजाने. अडचण भौतिकीची नव्हती, गणिताची होती. सदिश, मॅट्रिक्स, संमिश्र संख्या, सगळ्यांवर गंज चढला होता. भाचीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके आणली आणि चार महिने पहिल्या पाळीला निघण्यापूर्वी, पहाटे, उदाहरणे सोडवली. भाचीने पुस्तके परत मागितली नाहीत. "मामा, तुलाच लखलाभ" एवढेच म्हणाली.

त्यानंतर जे उमगले ते माझ्या कामाच्या टेबलावर मांडून सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर संकेतस्थळावर तिथले प्राध्यापक ॲलन ॲडम्स यांची २०१३ सालची व्याख्याने मोफत आहेत. पहिल्याच व्याख्यानात ते इलेक्ट्रॉनला 'रंग' आणि 'कठीणपणा' असे दोन मानीव गुण देतात आणि ते तपासणाऱ्या दोन पेट्या कल्पितात. आता समजा, ट्रेमधले शाफ्ट मी गो-नो गो गेजने (माप मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणाऱ्या साधनाने) तपासले आणि व्यासात बसणारे बाजूला काढले. त्याच शाफ्टची लांबी मोजून बरोबर लांबीचे तेवढे ठेवले. शंका नको म्हणून पुन्हा व्यास तपासला आणि निम्मे पीस रिजेक्ट निघाले, तर मी आधी गेज कॅलिब्रेशनला पाठवीन आणि मग ऑपरेटरला बोलावून घेईन. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत मात्र गेज निर्दोष असते, तपासणाराही निर्दोष असतो आणि तरीही निम्मे उलटे निघतात. कारण दुसऱ्या गुणाची किंमत निश्चित झाली, की पहिल्या गुणाला निश्चित किंमत उरतच नाही. ही कविकल्पना नव्हे. हे गुण म्हणजे दोन वेगवेगळ्या दिशांतला स्पिन (इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत चुंबकीय गुण) आणि पेटी म्हणजे चुंबक. स्टर्न आणि गेरलाख यांनी १९२२ साली फ्रँकफुर्टमध्ये चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा काचेवर एकच सलग डाग पसरण्याऐवजी झोत दोन भागांत फुटलेला दिसला. सराफ बाजारातून जाताना काचेआडची चांदीची निरांजने पाहून मला हल्ली आधी हेच आठवते.

कणाची जागा जितकी नेमकी, तितका त्याचा वेग अनिश्चित, हे अनिश्चिततेचे तत्त्व मला अनेक दिवस मापनयंत्राच्या लीस्ट काउंटसारखे (यंत्र मोजू शकते त्या सर्वांत लहान मापासारखे) वाटत होते, म्हणजे भारी यंत्र आणले तर अनिश्चितता मिटेल, असे. वहीत आकडे घातल्यावर तो समज गेला. १०० ग्रॅमचा शाफ्ट मायक्रोमीटरच्या ०.०१ मिलिमीटरपर्यंतच्या अचूकतेने जागेवर आहे असे धरले, तर त्याच्या वेगातली किमान अनिश्चितता इतकी नगण्य निघते, की विश्वाच्या आरंभापासूनची सुमारे १३८० कोटी वर्षे तो त्या वेगाने सरकत राहिला असता, तरी एका अणूच्या रुंदीएवढाही सरकला नसता. तेच गणित अणूएवढ्या जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनसाठी केले, तर वेगातली अनिश्चितता सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर येते. हे गणित मी तीनदा तपासले, कारण शून्ये मोजण्यात माझी चूक झाली असावी असे वाटत होते. 'क्वांटम'च्या नावाखाली मनःशक्तीचे उपाय सांगणारे व्हिडिओही आता समोर येत राहतात; त्यांत असा एकही आकडा नसतो, एवढी खूण पुरे.

खर्चाचे विचाराल, तर एनपीटेलचा अभ्यासक्रम मोफत आहे, शुल्क फक्त परीक्षेचे. अंतिम गुणांत असाइनमेंटचे २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के धरतात. मला एकूण ५४ मिळाले. घाई नसलेल्यांनी आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांची व्याख्याने अवश्य ऐकावीत. खरी उणीव आहे ती शंका विचारण्याची. चर्चापटलावर लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर येईपर्यंत आपण नेमके कुठे अडलो होतो हेच विसरायला होते. माझ्या नशिबाने गंगापूर रोडला राहणारे एक निवृत्त प्राध्यापक रविवारी तासभर देतात. ते उत्तर सांगत नाहीत, फक्त "ही ओळ कुठून आली?" असे विचारतात आणि बहुतेक वेळा चूक त्याच ओळीत सापडते.

पगार वाढला का, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नाही वाढला. सध्या मी कोनीय संवेगाच्या प्रकरणात अडकलो आहे आणि असाइनमेंट बुधवारी रात्री बाराच्या आत द्यावी लागते; बुधवारी रात्री मी फोन उचलत नाही, त्याचे कारण एवढेच.