पिल्लू खातंय तरी वाढत नाहीये: आमच्या चिमीचा अनुभव

आमच्याकडे लेपर्ड गेको (पाळतात ती ठिपक्यांची पाल) आहे, नाव चिमी. आली तेव्हा साधारण दीड महिन्याची होती, वजन ५ ग्रॅम. दोन महिन्यांनी वजन किती, तर ७ ग्रॅम. मी रोज तिच्यासमोर बसायचे आणि रोज बघत असल्यामुळेच माझ्या काही लक्षात येत नव्हतं, खातेय, फिरतेय, मग ठीकच असणार असं वाटायचं. डोळे उघडले ते तिच्या भावंडामुळे. लेपर्ड गेको एका वेळेला बहुतेक दोनच अंडी घालते, त्यातलं दुसरं पिल्लू ज्यांच्याकडे गेलं त्यांनी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं होतं १९ ग्रॅम. त्याची शेपूट चांगली टम्म फुगलेली आणि आमच्या चिमीची वाळक्या शेंगेसारखी. या गेकोंची चरबी शेपटीत साठते, म्हणजे शेपूट बारीक तर पोरीच्या गाठीला काहीच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी जे केलं ते चुकलं, सरळ खाणं वाढवलं. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढाच असावा हे माहीत होतं, तरी घाईघाईत मोठे रातकिडे दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ती ओकली होती, आणि त्यात रातकिडा जवळजवळ अख्खाच, पाय, पंख सगळं ओळखू येत होतं, फक्त ओला झालेला आणि भयंकर वास. आदल्या संध्याकाळी खाल्लेलं रात्रभरात पचलंच नव्हतं. खरं तर उत्तर तिथेच समोर पडलं होतं पण मला तेव्हा ते वाचता आलं नाही, मी फक्त घाबरले.

सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर शोधायलाच चार दिवस गेले. फोनवर त्यांनी तीन गोष्टी आणायला सांगितल्या: आत्तापर्यंतची वजनं, टँकचे फोटो आणि ताजी शी. शीचं पहिल्या वेळी फुकट गेलं कारण मी आदल्या दिवशीची वाळलेली नेली. दुसऱ्या वेळी टँकमध्ये कागद अंथरला, सकाळी काळा भाग दिसला की (पांढरा भाग म्हणजे त्यांची लघवी, तपासायला काळा हवा) लगेच झाकणाच्या डबीत घालून निघाले.

डॉक्टर मॅडमनी आधी चिमीचा जबडा बोटाने हलकेच दाबून बघितला, तो घट्ट होता. कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ झाली असती तर जबडा रबरासारखा लागतो म्हणे. शीमध्ये पिनवर्मची (आतड्यातल्या बारीक जंतांची) अंडी सापडली आणि मला वाटलं, चला, कारण मिळालं. पण मॅडम म्हणाल्या की एवढी तर कितीतरी धडधाकट गेकोंमध्ये सापडतात, औषध देऊ पण नुसत्या एवढ्याने वाढ अशी अडत नाही. आणि मग विचारलं, "ती जिथे पोट टेकवून झोपते, तिथलं तापमान किती आहे?" मी पटकन म्हणाले ३२. "कुठे मोजलंत?" थर्मोस्टॅटवर दिसतं ना, म्हटलं.

घोळ तिथेच होता. माझी हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) टँकच्या काचेखाली आणि थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, पण काचेखाली, मॅटला चिकटवलेला. मॅट ३२ झाली की थर्मोस्टॅट तिला बंद करायचा, बरोबरच करत होता बिचारा. पण काचेच्या वर मी नारळाच्या भुशाचा चांगला चार बोटं थर दिला होता, मऊ असावं म्हणून. घरी येऊन टेम्परेचर गन तिच्या लपायच्या जागेत धरली तर २५.५. लेपर्ड गेकोला पोटाखाली ३१ ते ३३ लागतं, अंगात स्वतःची ऊब नसते, पचन सगळं बाहेरच्या उष्णतेवर चालतं. म्हणजे पोर दोन महिने रोज जेवत होती आणि ते जेवण अंगी लागत नव्हतं. आकडा बघून मी तिथेच जमिनीवर बसले आणि खूप रडले.

त्याच संध्याकाळी भुसा काढला, पातळ फरशी ठेवली, वर कागद, आणि प्रोब आत, फरशीवर, ती झोपते तिथे. एक सांगते, प्रोब आत घेतला की मॅट खाली जास्त तापते, त्यामुळे वर जाड थर ठेवून हे करू नका, आणि सुरुवातीचे काही दिवस गनने दिवसातून तीन-चारदा बघत राहा. टँकचा दुसरा कोपरा थंडच राहू दिला, २५ च्या आसपास, तिला हवं तेव्हा तिथे जाता आलं पाहिजे. किडे लहान केले, कॅल्शियम पावडर लावून, आणि उरलेले रातकिडे रात्री काढून घ्यायला लागले कारण ते झोपलेल्या पिल्लाला चावतात.

वजन दर रविवारी, खायला द्यायच्या आधी, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर, त्याच वाटीत. पहिल्या रविवारी ७.१. दुसऱ्या रविवारी परत ७.१, तेव्हा धीर सुटत आलेला, नवऱ्याला म्हटलं आता नाही होत हिचं. तिसऱ्या रविवारी ७.९. त्या आठवड्यात तिने कात टाकली, त्याआधी पाच आठवडे टाकली नव्हती, आणि ती कात तिने स्वतःच खाऊन टाकली, फक्त एका बोटाच्या टोकाला पांढरी टोपी राहिली होती ती मी ओल्या कापसाने सोडवली. मग ९, ११, १४. पिनवर्मच्या औषधाचा दुसरा डोस पण मधे झाला.

आता ती वर्षाची आहे, ४१ ग्रॅम. भावंड ५८ आहे, पण ते नर आहे आणि नर मोठेच असतात, शिवाय मॅडमनी सांगितलंय की १८ महिन्यांपर्यंत ती अजून भरेल. शीची तपासणी पुढच्या महिन्यात परत करायची आहे. शेपूट आता मानेपेक्षा जाड झालीये.