पायलट गाडी म्हणजे नुसता पिवळा दिवा नव्हे

मोठा माल घेऊन ट्रेलर निघाला की बघणारे आधी वजन विचारतात. ट्रान्सफॉर्मर असो नाहीतर पवनचक्कीचं पातं, पहिला प्रश्न तोच. पण वजनाचं गणित तसं कागदावर सुटतं, ॲक्सल वाढवले की प्रत्येक चाकावरचा भार कमी होतो, पूल किती पेलेल ते इंजिनियर काढून देतात, ट्रान्सफॉर्मर असेल तर त्यातलं तेल काढून तो हलका करूनच नेतात. मी रूट सर्व्हे करतो, म्हणजे माल जाणारा रस्ता आधी जाऊन तपासतो, आणि पायलटिंग करतो, म्हणजे ट्रेलरच्या पुढं वाट बघत इशारा देणारी पायलट गाडी चालवतो, आणि मला काळजी असते ती वेगळीच, की सगळ्यांचं लक्ष एकाच जागी लागलंय आणि धोका दुसरीकडून येतोय.

6 जानेवारी 1968, इंग्लंडमधलं हिक्सन. 120 टनांचा ट्रान्सफॉर्मर, ट्रेलरची लांबी साधारण 45 मीटर, पुढं पोलीस एस्कॉर्ट, सगळं रीतसर. रस्त्यात ऑटोमॅटिक रेल्वे फाटक होतं, रेल्वे येतेय हे कळल्यापासून ती फाटकावर पोचेपर्यंत 24 सेकंद मिळायची. ट्रेलर ताशी 3 किलोमीटरच्या आसपास सरकत होता. आता हिशोब करून बघा, त्या वेगानं 45 मीटर ओलांडायला जवळपास 50 सेकंद लागतात!! एक्सप्रेस येऊन धडकली, 11 माणसं गेली. फाटकापाशी टेलिफोन होता, हळू चालणाऱ्या अवजड गाडीनं आधी सिग्नलमनला फोन करायचा असा नियमही होता, फक्त तो ना ट्रेलरवाल्यांना नीट माहीत होता ना एस्कॉर्टला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून सर्व्हेत फाटक आलं की मी आधी सेकंद मोजतो, मग उंची.

दुसरा अपघात 2013 चा, 23 मे, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट नदीवरचा पूल. लोखंडी सांगाड्याचा जुना पूल, वरचे आडवे गर्डर कमानीसारखे, म्हणजे मधे उंची जास्त आणि कडेच्या लेनवर कमी. परमिट होतं, पुढं उंचीची काठी (वर काही आपटणार असेल तर आधी कळवणारी) लावलेली पायलट गाडीही होती. तरी ट्रेलर उजव्या लेनमधून गेला, माल वरच्या गर्डरांना आपटत गेला आणि पुलाचा एक गाळाच नदीत कोसळला. दुसऱ्या दोन गाड्यांतले तिघं पाण्यात पडले पण वाचले. तपासात निघालं की पायलट गाडी चालवणारी व्यक्ती तेव्हा हॅण्ड्सफ्री फोनवर बोलत होती. डाव्या लेनमधून तोच माल निघून गेला असता हो, तोच माल, तोच पूल.

म्हणून बोर्डावर लिहिलेल्या उंचीवर मी कधीच विसंबत नाही, स्वतः मोजतो, आणि प्रत्येक लेनची वेगळी मोजतो. रस्त्यावर डांबराचे नवे थर चढतात, बोर्ड मात्र जुनाच राहतो. पुलाखालचा रस्ता खोलगट असेल तर लांब ट्रेलरची पुढची-मागची चाकं चढावर आणि मधला भाग अधांतरी, म्हणजे माल रस्त्यापासून नेहमीपेक्षा वर येतो. विजेच्या तारांचं तर विचारूच नका, पहाटेच्या गारव्यात मोजलेली तार भर दुपारी तापून खाली झुकते. आणि हाय व्होल्टेजला स्पर्श लागत नाही, जवळ गेलं तरी झटका उडी मारून येतो, त्यामुळे काठीनं तार उचलून गाडी काढायची सवय मला अजिबात सहन होत नाही, वीजवाल्यांना बोलवा आणि लाइन बंद करून घ्या, तासभर उशीर झाला तर होऊ दे.

लॅशिंगबद्दल, म्हणजे माल ट्रेलरला साखळ्या-पट्ट्यांनी बांधण्याबद्दल, एकच सांगतो. "एवढा जड आहे, कुठं हलतोय" हे साफ चूक आहे. जोरात ब्रेक लागला की जड आणि हलका दोन्ही सारखेच घसरतात. युरोपातल्या नियमात पुढच्या दिशेनं मालाच्या वजनाच्या 80 टक्के जोर येईल असं धरून बांधायला सांगतात, बाजूला 50 टक्के. खाली रबर मॅट घातली तरी केवढा फरक पडतो.

आणि रस्त्यावरच्या बाकीच्यांना हात जोडून विनंती, वळणावर ट्रेलरच्या बाजूनं घुसू नका. पात्याचं टोक मागच्या चाकांच्या बरंच मागं असतं, ट्रेलर डावीकडं वळला की ते उजवीकडं झाडूसारखं फिरतं, ड्रायव्हरला ते दिसतही नाही.

आमच्याकडं निघायच्या आधी सगळे गोल करून उभे राहतात, फोन बंद, वॉकीटॉकी चेक, आणि "थांबा" हा शब्द कुणीही म्हणू शकतो हे मी दरवेळी मोठ्यानं सांगतो. मागच्या फेरीत नवीनच आलेला हेल्पर पोरगा मागून ओरडला थांबा थांबा, ड्रायव्हर वीस वर्षांचा जुना माणूस, पण त्यानं काही न विचारता ब्रेक लावला. उतरून तार मोजली तर सर्व्हेच्या आकड्यापेक्षा 20 सेंटीमीटर खाली होती.