तिसरा रकाना

9 नोव्हेंबर 2024, शनिवार. विधानसभेचं मतदान अकरा दिवसांवर आलं होतं. बीड जिल्ह्यातल्या एका गावात मजूर संघटनेने समाजमंदिरात बैठक ठेवली होती आणि दोन्ही बाजूंच्या पक्षांचे तालुक्याचे कार्यकर्ते बोलावले होते. रोजगार हमी योजनेचे (रोहयोचे) अर्ज, मस्टर म्हणजे मजुरांचे हजेरीपट, आणि हिशेब तपासण्याचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे तक्ता मीच तयार केला. प्रत्येक कार्यकर्त्याच्या हातात एकेक कागद आणि त्यावर तीन रकाने: घोषणा काय, वर्षाला खर्च किती, आणि तो कोणत्या करातून भागणार.

पहिला रकाना भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. महायुतीने कोल्हापुरात लाडक्या बहिणीचे 1500 रुपये 2100 करण्याचं जाहीर केलं होतं, महाविकास आघाडीने मुंबईत महिलांना 3000 आणि बेरोजगार तरुणांना 4000. शिवाय शेतकरी कर्जमाफी दोघांकडेही होती.

दुसऱ्या रकान्यावर मात्र पेनं थांबली. मग आम्हीच फळ्यावर गणित मांडलं. महिना 1500 म्हणजे एका बाईचे वर्षाला 18,000 रुपये. एक कोटी बायका धरल्या तर 18,000 कोटी. 2100 केले तर 25,200 कोटी, 3000 केले तर 36,000 कोटी. लाभार्थी तर दोन कोटींच्या वर गेल्या होत्या, म्हणजे प्रत्येक आकडा दुपटीहून मोठा. हे पैसे बाईच्या हातात जाऊ नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. ज्या घरात पुरुषाच्या हातून दमडी सुटत नाही, तिथे हे 1500 रुपये औषधाला आणि पोरांच्या वह्यांना लागतात, हे मी रोज बघते. पण पैसे देऊ म्हणणाऱ्याने ते कुठून आणणार तेही सांगायला हवं.

तिसरा रकाना एकाने मोकळा सोडला. दुसऱ्याने लिहिलं, ‘केंद्राकडून’. जीएसटी आल्यापासून, म्हणजे 1 जुलै 2017 पासून, राज्याला स्वतःच्या हाताने वाढवता येतील असे कर थोडेच उरलेत: पेट्रोल-डिझेलवरचा आणि दारूवरचा व्हॅट, दारूचं उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, व्यवसाय कर. यातला कोणता वाढवणार, कुणावर, किती? की कर्ज काढणार? एवढंच विचारलं होतं.

महाराष्ट्रात हे उत्तर एकदा दिलं गेलं आहे, म्हणून राग जास्त येतो. 1972 च्या दुष्काळाने लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आणली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी पुढे कायदा झाली. कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. पण त्याच्याही आधी, 1975 साली, तिच्यासाठी व्यवसाय कर बसवला होता. शहरातल्या पगारदाराने आणि व्यावसायिकाने द्यायचं, खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं, आणि कराइतकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. घोषणेला कर जोडलेला होता आणि कराला काम. त्या कराला राज्यघटनेने 1988 पासून माणशी वर्षाला 2500 रुपयांची मर्यादा घातली आहे आणि ती आजही तेवढीच आहे. म्हणजे एका बहिणीचे वर्षाचे 18,000 भागवायला पूर्ण व्यवसाय कर भरणारी सात माणसंही पुरत नाहीत. ही मर्यादा वाढवायला घटनादुरुस्ती लागते, आणि खासदार तर सगळ्याच पक्षांकडे आहेत. हा मुद्दा मी मांडला तेव्हा समोरच्यांपैकी एकालाही तो ठाऊक नव्हता.

‘करदात्यांच्या पैशातून चाललंय सगळं,’ असं एक कार्यकर्ता म्हणाला. पुढे बसलेल्या मावशी ताडकन बोलल्या, ‘दादा, साबण काय आम्हाला फुकट मिळतो व्हय?’ तेव्हा अंगाच्या साबणावर 18 टक्के जीएसटी होता.

मग कामाचा विषय निघाला. या गावातल्या 34 बायकांनी 21 ऑक्टोबरला नमुना 4 भरून काम मागितलं होतं. केंद्राच्या तेव्हाच्या रोजगार हमी कायद्याने 15 दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. पहिले 30 दिवस मजुरीच्या पाव हिश्श्याने, नंतर निम्म्याने. तेव्हा मजुरी 297 रुपये होती, म्हणजे दिवसाला 74 रुपये 25 पैसे. मजुरीचा पैसा तेव्हा केंद्राकडून यायचा, बेकारी भत्ता मात्र राज्याला भरावा लागायचा. सगळी मेख इथे होती. अर्जाच्या पोचेवर तारीख पडली की भत्त्याचं घड्याळ सुरू होतं, म्हणून तारखेची पोच द्यायलाच टाळाटाळ होते. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणतात. आम्ही त्या दिवशी दुपारभर बसून पोच घेतली होती. उतारावर पाणी अडवणाऱ्या सलग समतल चराचं काम सेल्फवर, म्हणजे मंजूर होऊन तयार, होतं, पण मस्टर निघालं नाही. ‘आचारसंहिता आहे’ हे कारण मिळालं, पण शेजारच्या शिवारात चालू असलेल्या कामावर मजूर लावायला आचारसंहितेची आडकाठी नव्हती.

काम मिळालं तरी तेव्हा वाट सरळ नसायची. दिवसातून दोनदा ॲपवर फोटो, आणि रेंज नसेल तर हजेरी बुडाली. चराचं मोजमाप घेताना कठीण मुरूम खोदला असून वहीत मऊ मुरूम लागला, तर तेवढ्याच घामाची मजुरी कमी पडायची. पैसे 15 दिवसांपेक्षा लांबले तर भरपाई रोज 0.05 टक्के. सहा दिवसांच्या 1782 रुपयांवर ती दिवसाला 89 पैसे व्हायची.

लोकसभेला काँग्रेसने 400 रुपये रोजाचं वचन दिलं होतं, केंद्रातल्या सरकारने त्याच वर्षी दर 273 वरून 297 केला. दर वाढायलाच हवा. पण मस्टर निघत नसेल तर 297 काय आणि 400 काय, आणि मस्टर काढायला लावू असं समोरच्या एकाही कागदावर नव्हतं. नेमका याच दिवसांत ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दारात येतो. त्या वर्षी गळीत हंगाम 15 नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होणार होता. गावात चार आठवड्यांचं काम असतं तर कितीतरी कोयत्यांनी, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांनी, उचल घेतलीच नसती.

बैठक संपताना मावशींनी खडू मागितला आणि फळ्यावर हिशेब लिहायला लावला. 6 ते 9 नोव्हेंबर, चार दिवसांचा भत्ता, एकीचे 297, चौतीस जणींचे 10,098 रुपये. कार्यकर्त्यांना म्हणाल्या, ‘हे आधी मिळवून द्या, मग 3000 चं बोला.’ दोघांनीही आकडा मोबाइलमध्ये टिपून घेतला.

सोमवारी आम्ही भत्त्याचे अर्ज घेऊन तहसीलला गेलो. रविवारी रात्री मुकादमाचा ट्रक येऊन गेला होता आणि नऊ जणी त्यातून कारखान्यावर गेल्या होत्या. 25 अर्जांची पोच मिळाली, तारखेसह.