बडोद्याची पुरातली कपाटं आणि ट्रकच्या पाट्याची विळी

बडोद्याला गेलेला माणूस लक्ष्मीविलास राजवाडा पाहतो, सूरसागर तलावाला फेरी मारतो, शेव-उसळ खातो. मीही हे सगळं केलं. दांडिया बाजारातल्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं तर आवर्जून पाहाच. पण या खेपेला माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो त्याच भागातल्या एका गणेश मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

एरवी या शेडमध्ये मंडपाचं सामान पडून असायचं. आता रविवारी सकाळपासून तिथे ग्राइंडर चालू असतो, आणि भंगारात निघालेल्या लोखंडातून घरच्या वस्तू बनतात. आयटीआयमध्ये वेल्डर-फिटर शिकणारी मुलं आहेत, इंजिनीअरिंगची आहेत, आणि कॉमर्सची एक मुलगी कोणी काय दिलं, कोणाला काय हवं याची वही सांभाळते. बहुतेकांची घरं मराठी, पण आपसातलं बोलणं अर्धं गुजराती. मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका त्यांना शिकवतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि पाणी घराघरांत शिरलं. ते ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला लोखंडी कपाटं, ट्रंका, कूलर, शिलाई मशीनचे पाय असा ढीग लागला होता. भंगारवाले सगळं किलोवर उचलत होते. "ताई, वरचं अर्धं कपाट धडधाकट होतं हो," एक मुलगा मला सांगत होता. "ते किलोवर जाताना बघवेना." काम सुरू झालं ते तिथून.

असं एक कपाट मी जवळून पाहिलं. चिखलाची रेघ अजून स्पष्ट दिसत होती. रेघेखालचा पत्रा बोटाने दाबला तर पापुद्रे निघत होते आणि वर मूळचा हिरवा रंग तसाच. मुलांनी रेघेच्या चार बोटं वर खडूने खूण केली, पत्रा कापला, कडा दुमडून घेतल्या, कारण उघडी कड हाताला लागते. मग गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचा हात. या पत्र्याची भांड्यांची मांडणी होते, आणि तीही अंदाजाने केलेली नाही, तर त्या-त्या घराच्या ओट्याखाली बसेल अशी मापाची. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. भट्टीत गेलेल्या लोखंडाचं पुन्हा लोखंडच होतं, पण ते वितळवायला सुमारे १५०० अंश उष्णता लागते. इथे चांगला पत्रा पत्राच राहतो आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो.

काकांचा जीव मात्र विळीत. त्यासाठी ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचा, जुना पाटा लागतो. ते पोलाद चिवट असतं, धार धरतं. पाटा तापवून सरळ करायचा, कापून पात्याचा आकार द्यायचा, कानशीने घासायचा, टोकाला खवणीचे दाते काढायचे. मग पातं पुन्हा भट्टीत. लाल झालं की तारेला बांधलेलं चुंबक त्याला लावून बघतात. चुंबक चिकटेनासं झालं, की आणखी थोडा वेळ ठेवून तेलात बुडवायचं. "आत्ता हे काचेसारखं आहे, पडलं तर तुटेल," काका म्हणाले. म्हणून ते घासून चकचकीत करतात आणि अंगावर फिकी पिवळी झाक येईपर्यंत हलक्या आचेवर परत तापवतात. पाट मोडक्या पलंगाच्या फळीचा. गल्लीतल्या एका आजींनी विळीवर बसून कांदा चिरला आणि "पाट दोन बोटं रुंद हवा रे" म्हणून परत दिली. पोरांनी निमूटपणे नवा पाट ठोकला.

या शहराला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढलं ते हाताचं कसब आणि शास्त्र एकत्र शिकवायला. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य, आणि दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. कलाभवनाची गोष्ट मी शेडमध्ये काढली, तर मुलांना ती माझ्यापेक्षा जास्त माहीत!

काय करायचं नाही, हेही या पोरांना पक्कं ठाऊक आहे. भंगारातून शिजवायचं भांडं ती बनवत नाहीत. कुठल्या धातूत काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. कूलरच्या जस्त चढवलेल्या पत्र्याला वेल्डिंग लावत नाहीत, कारण जळत्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. तो पत्रा रिव्हेटने जोडतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो ओला करून खरवडतात. चष्मा नसेल त्याला ग्राइंडरला हात लावू देत नाहीत, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना.

पैसे घेतात ते वेल्डिंगचे रॉड, ग्राइंडरची चाकं आणि रंगापुरते. मी घरी फोन करून ओट्याखालच्या जागेचं माप मागवलं आणि मांडणी सांगितली. गाडीत नेता यावी म्हणून ती नटबोल्टची, सुटी होणारी करायची असं ठरलं. वहीत माझ्या आधी तीन घरं होती. पुरात ज्यांचं सामान गेलं त्यांचं काम आधी होतं, त्यामुळे माझी मांडणी दिवाळीनंतर मिळेल.