रीइंट्रो नोंद: लसणाचं कोडं सुटलं

मंडळी, काल रात्री रस्सा खाऊनही पोट शांत राहिलं, म्हणून लगेच लिहायला बसलोय. नव्या वाचकांसाठी: फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाणारी, गॅस करणारी काही कर्बोदकं. लो-फॉडमॅप आहारात ती बंद केली होती, आता एकेक पदार्थ तीन दिवस वाढत्या मापाने खाऊन पाहतोय. हेच रीइंट्रो, आणि प्रत्येक पदार्थाची चाचणी म्हणजे चॅलेंज.

मागच्या नोंदीत गहू पास झाल्याचं लिहिलं होतं. तरी गहू, कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासा, हा मोनाश विद्यापीठाचा (हा आहार त्यांनीच तयार केला) सल्ला किती रास्त आहे ते आता कळतंय. गट फ्रुक्टनचाच (फॉडमॅपचा एक प्रकार), पण कांदा तिसऱ्या दिवसाच्या मापाला नापास झाला आणि लसूण पहिल्याच दिवशी. पोट तट्ट फुगलं, मुरडा आला, वॉशआउटही, म्हणजे पुढच्या चॅलेंजआधी पोट शांत होईपर्यंतची विश्रांती, लांबला.

मग म्हटलं, निदान फोडणीला लसणाचा वास तरी मिळू दे. बटाट्याची सुकी भाजी केली, काही झालं नाही. बटाट्याचा रस्सा केला, तर रात्रभर हाल. लसूण तेवढाच, तेल तेच, दोन्ही वेळा पाकळ्या काढून टाकलेल्या, आणि बटाट्यात फॉडमॅप जवळपास नाहीच. पहिला संशय हिंगावर गेला, कारण बांधानी हिंगात मैदा किंवा डिंक असतो. पण पोळ्या पचतात तर चिमूटभर हिंगाने काय होणार? मग विकतचा काळा मसाला बंद केला. पाकिटावर नुसतं ‘मसाले’ छापून मोकळे होणाऱ्यांचा माल आपल्यासारख्यांनी घेऊच नये, हे माझं ठाम मत. घरच्या गोड्या मसाल्यात कांदा-लसूण नसतो, तो वापरला. तरी तेच.

फरक होता पाकळ्या काढण्याच्या वेळेत. सुक्या भाजीत त्या तेलातूनच उचलल्या होत्या, रश्शात मात्र उकळी येऊन गेल्यावर, ताटात. फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणजे पाकळी बाजूला काढली तरी तिच्यातलं नको ते सगळं रश्शात उतरलेलं!

काल अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर सोनेरी केल्या, तेल गाळून घेतलं, कणही राहू दिला नाही. मग मोहरी, हिंग, बटाटे आणि शेवटी पाणी. काय वास सुटला होता! दोन वाट्या रस्सा खाल्ला आणि गाढ झोपलो. एक मात्र पाळा: हे तेल लागेल तेवढं ताजंच करा. घरचं लसूण-तेल बाहेर ठेवलं तर बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढू शकतात.

पुढचं चॅलेंज मधाचं ठरलं होतं, पण लिहिता लिहिता बेत बदलला. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग लो-फॉडमॅपच आहे, त्याला चॅलेंज लागत नाही. पांढरा भाग टाकून, लसणाच्या तेलात पातीचे पोहे आधी करणार. मध नंतर. कांदाही असाच तेलात तळून काढता येईल का? त्यात पाणी बरंच असतं, ते तेलात उतरेल ही धास्ती आहे. कुणी करून पाहिलं असेल तर कांदा किती जाड चिरला तेही सांगा.